मे महिन्यात पाणी कोण घालणार? : कॉलनीचा बगीचा आणि आमचं बागमंडळ (इंदूर)

मोगरा_इंदूर

नमस्कार मंडळी. पाऊस जवळ आला की आमच्या इंदुरात वृक्षारोपणाची आमंत्रणं सुरू होतात. पार्षद (म्हणजे नगरसेवक) येतात, रहवासी संघाचे अध्यक्ष येतात, कोरी फावडी येतात, फोटो होतात, पोहे-जलेबी होते आणि सगळे आंघोळीला घरी जातात. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर २४ तासांत ११ लाखांच्या वर रोपं लावून शहरानं गिनीज बुकात नाव घातलं, तेव्हा आमच्या कॉलनीतूनही मंडळी गेली होती, मीही होते. त्याबद्दल अजिबात तक्रार नाही. पण लावणं एका दिवसात होतं आणि रोपाचं झाड व्हायला निदान दोन उन्हाळे निघावे लागतात. हा धागा त्या दोन उन्हाळ्यांसाठी.

आमची कॉलनी अन्नपूर्णा रोडच्या मागे. बगीचा नगर निगमचा, म्हणजे महापालिकेचा. करंज, कडुनिंब, दोन जांभळं, पेल्टोफोरम, डुरांट्याचं कुंपण, मधे हरळीचा लॉन, कडेला ओपन जिम आणि एक झोपाळा, ज्याची कडी अख्ख्या गल्लीला ऐकू येते. माळीदादा एकच आणि त्यांच्याकडे याशिवाय आणखी बगीचे. आमच्या मंडळात निवृत्त बँकवाले दोघं, शाळेतल्या एक बाई, कॉलेजची दोन मुलं (परीक्षा नसली तर), मी, आणि गच्चीत जंगल केलेल्या एक काकू, ज्यांना आम्ही सगळेच टरकून असतो. नोंदणी नाही, टी-शर्ट नाही. रविवारी सकाळी जमतो.

नियम दोनच. नवीन रोप आणायचं तर पुढचे दोन उन्हाळे त्याला पाणी घालणाऱ्याचं नाव आधी वहीत लिहायचं. नाव नाही तर रोप नाही. त्यामुळे आमच्याकडे रोपं कमी लागतात आणि दरवर्षी दोन-तीन माणसं रुसतात. दुसरा नियम, माळीदादांना विचारल्याशिवाय कुणी कात्री चालवायची नाही.

आमचं सगळ्यांत उपयोगी काम कुणाच्या फोटोत येत नाही. ते म्हणजे जुने ट्री गार्ड काढणं. रोप लावताना भोवती लोखंडी जाळी उभी करतात, तिच्यावर दात्याच्या नावाची पाटी. रोप वाढतं, खोड जाळीला टेकतं, आणि जाळी काढायची कुणाला आठवतही नाही. आमच्या एका करंजानं जाळीची आडवी पट्टी अर्धी गिळली होती, साल वरून-खालून ओठांसारखी फुगून पट्टीवर आली होती. मुलांनी हॅक्सॉनं पट्टी दोन्ही अंगांनी कापली आणि आत रुतलेला तुकडा तसाच ठेवला, कारण ओढून काढला असता तर सालही सोलवटून आली असती. बांधणीची तार मात्र पुरतीच काढावी लागते. ती खोडाभोवती गोल असते, आणि पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं ती वाटच आवळून टाकते. वरून झाड बरेच दिवस हिरवंगार दिसतं, खाली मुळं उपाशी.

आता मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. मे महिन्यातल्या पाण्याची तुम्ही काय सोय करता? पाचोळ्याचं काय करता? आणि गणपतीचा मंडप लॉनवर पडतो, त्यावर भांडण न होता काही तोडगा निघालाय का कुणाकडे?

हिरवीमिरची

वाखु (वाचनखूण) साठवली. "नाव नाही तर रोप नाही" हे आमच्या सोसायटीत उद्याच सांगते. पण पाटीवर ज्यांचं नाव आहे त्या दात्याचंच वहीत का नाही लिहीत?

मोगरा_इंदूर

लिहिलं होतं. दाते भोपाळला राहतात.

करदाता

जरा कडू बोलतो, राग मानू नका. बगीचा सार्वजनिक, माळी पगारी, कर आपण भरतो. तुम्ही रविवारी फुकट खुरपायला लागलात की उद्या माळ्याची जागा रिकामी झाल्यावर कुणीतरी म्हणणार, तिथले रहवासी करतातच की सगळं. हौसेपायी कुणाच्या तरी पोटावर पाय येतो, याचा विचार झालाय का?

दुसरं. तुमची कॉलनी खाऊनपिऊन सुखी. तिथे बँकवाले आहेत, गच्चीवाल्या काकू आहेत. वस्तीच्या कडेला जो बगीचा असतो तिथे कुठलं बागमंडळ जाणार? म्हणजे चांगले बगीचे आणखी चांगले होणार आणि उजाड तसेच उजाड राहणार.

मोगरा_इंदूर

पहिल्या मुद्द्यावर आमच्यातही वाद झाला होता, म्हणून कामं वाटून घेतली. नेहमीचं पाणी, गवत कापणं, छाटणी, फवारणी ही पगारी कामं, त्यांत आम्ही हात घालत नाही. माळीदादा आले नाहीत तर त्यांच्या जागी उभं न राहता आम्ही विचारणा करतो.

मग उरतं काय? एक म्हणजे लक्ष. नळ गळतोय, कडुनिंबाला वाळवी चढली, झोपाळ्याचा बोल्ट ढिला झाला, हे बरेच बगीचे बघणाऱ्या माणसाला त्याची पाळी येईल तेव्हा कळतं, आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसतं. निगमच्या ३११ ॲपवर फोटोसकट तक्रार टाकणं हेही मी बागकामच समजते. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात माळीदादांच्या दोन फेऱ्यांच्या मधले दिवस, तिथे वहीतली नावं. तिसरं, खुरपणी आणि पाचोळा. ही कामं कुणाच्याच वाट्याला नव्हती, ती आम्ही घेतली.

वस्तीच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडे असेल तर लिहा.

माळ्याची_लेक

या धाग्यावर गप्प बसवेना. माझे बाबा बगीच्यात माळी होते. तीस वर्षांत त्यांना नावानं हाक मारणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. "माली, इधर आओ" एवढंच. फिरायला येणारा प्रत्येक माणूस त्यांचा साहेब. एक म्हणे गुलाब लावा, दुसरा म्हणे काटे नकोत, मुलं खेळतात. तिसरा मोबाइलवर काहीतरी बघून यायचा आणि सांगायचा की पाणी संध्याकाळी घाला. बाबा हो म्हणायचे आणि सकाळीच घालायचे, कारण प्रेशर सकाळीच असायचं.

ते म्हणायचे, लॉन सुकलेला डोळ्यांना दिसतो म्हणून लोक लॉनसाठी पाणी मागतात. झाडासाठी कुणी मागत नाही, ते वाळेपर्यंत.

मोगराताई, पाण्याचं विचारलंत म्हणून त्यांची रीत सांगते. आपल्या माळव्याची काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाईप सोडला की पाणी भेगेतून थेट खाली जातं आणि कोवळ्या मुळांच्या वाट्याला काहीच येत नाही. आळं भरता भरत नाही, मग माणूस कंटाळून पाईप पुढच्या झाडाकडे ओढतो. बाबा आधी खुरप्यानं आळ्यातल्या भेगा मोडायचे, वरची दोन बोटं माती भुसभुशीत करायचे आणि मग पाणी सोडायचे, तेही बारीक धार. पाणी जिरलं की वर पाचोळ्याचा थर, खोडापासून वीतभर लांब. खोडाला चिकटून ओला पाचोळा राहिला तर साल कुजते. पावसाळ्यात हीच माती उलटी वागते. पाणी धरून बसते, रोप पिवळं पडतं आणि लोक त्याला आणखी पाणी घालतात. म्हणून खड्डा भरताना ते मुरूम आणि शेणखत मिसळायचे आणि रोप जमिनीपेक्षा थोडं उंचावर बसवायचे.

बागमंडळांना एक विनंती. माळ्याला काय करायचं ते सांगण्याआधी त्याच्याकडे काय नाही ते विचारा. बाबा कात्रीला धार स्वतःच्या पैशानं लावून आणायचे. पाईपला नोझल नाही, म्हणून अंगठा लावून लावून त्यांचं नख कायमचं काळं झालं होतं. फवारताना तोंडाला गमछा. करदाता, पोटावर पाय तुम्ही म्हणता तसा येतही असेल, पण बाबांना फुकट खुरपणाऱ्यांचा त्रास कधी झाला नाही, फुकट हुकूम सोडणाऱ्यांचा झाला.

मोगरा_इंदूर

हा प्रतिसाद मी रविवारी सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. नोझल आणि गमबूट लगेच आणता येतील. कात्रीचं माळीदादांना विचारते.

चतुरंग

पुण्याहून +१. आमच्या टेकडीवर हेच चालू आहे. लावणारे शेकडो, उन्हाळ्यात कॅन घेऊन चढणारे तेच ते आठ-दहा लोक.

राजवाडा_ते_छावणी

पाचोळ्याचा प्रश्न इंदूरकरानं जगाला विचारावा? अहो, जगानं हे इंदूरकडून शिकलं. सेंद्रिय शेतीवाले जगभर ज्याला कंपोस्टची "इंदूर पद्धत" म्हणतात ती याच गावची. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होता. होळकर दरबारानं दिलेल्या जमिनीवर वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली आणि त्याच आवारात आज आपलं कृषी महाविद्यालय आहे. हॉवर्डच्या बरोबरीनं काम करणारे रसायनशास्त्रज्ञ होते यशवंत वाड, आपला मराठी माणूस. १९३१ मध्ये दोघांनी मिळून ही पद्धत पुस्तकात मांडली. हॉवर्डला पुढे 'सर' मिळालं, वाडांचं नाव आपल्याच मराठी मंडळींना माहीत नाही. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरात आले होते, तेव्हा ते मुद्दाम ही खतं बघायला गेले होते.

यातली गंमत अशी की पद्धतीत नवलाचं काही नाही. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती, थोडी राख, पाणी आणि हवा. शेतकऱ्याकडे असतंच ते सगळं. हॉवर्ड-वाडांनी त्याला शिस्त लावली: थर कसे द्यायचे, ओल किती ठेवायची, पालटायचं कधी. खड्डा दोन-तीन फुटांपेक्षा खोल नाही, कारण त्याखाली हवा पोचत नाही आणि हवा नसली की सडतं, खत होत नाही. साधारण पंधरा दिवसांनी पहिली पालट, महिन्यानं दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, तीन महिन्यांत खत तयार. आणि पावसाळ्यात खड्डा नाहीच, जमिनीवर ढीग. खड्ड्यात पाणी साचलं की संपलं.

राहवत नाही म्हणून अजून एक. हॉवर्डच्याही आधी पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार इथे आला होता. १९१८ चा त्याचा दोन खंडांचा अहवाल होळकर दरबारासाठी लिहिलेला आहे. खान आणि सरस्वती नद्यांच्या काठानं बगीचे असावेत असं त्यात आहे. ते प्लेगचे दिवस. त्यानं दिवाळीला एक मिरवणूक काढवली आणि आधीच जाहीर केलं की मिरवणूक ज्या गल्ल्या सगळ्यांत स्वच्छ असतील त्यांतूनच जाईल. झालं, गल्लीगल्लीत झाडू निघाले. शेवटी घाणीच्या राक्षसाला आणि प्लेगच्या उंदराला पेटवून दिलं. आपण स्वच्छतेचे पुरस्कार मिळवायला लागलो ते २०१७ पासून. ही खोड त्याच्या शंभर वर्षं आधीची.

पाचोळा

वर राजवाडा_ते_छावणी यांनी लिहिलंय ते खरं, पण कॉलनीत गोठा नाही, मुतानं भिजलेली माती कुठून आणणार? म्हणून आम्ही करतो ते सांगतो, बगीच्यातल्या बगीच्यात होणारं.

पाचोळा एकटा टाकला तर वर्षभर तसाच पडून राहतो. त्याच्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन जवळपास नाही. त्याला जोड हवी हिरव्याची: लॉन कापलेलं गवत, कुंपणाची छाटणी, निर्माल्य. ढोबळ मानानं तीन घमेली सुका, एक घमेलं हिरवा, मधेमधे शेणाचं पातळ पाणी. ताजं गवत जाड थरात टाकू नका, त्याचा लगदा होतो आणि वास सुटतो. वास आला की शेजारी येतो, शेजारी आला की ढीग जातो. बहुतेक ठिकाणी कंपोस्ट असंच बंद पडतं. वास आला तर पालटा आणि सुका पाचोळा वाढवा, बाकी काही औषध लागत नाही.

ओलीची परीक्षा: मूठभर घेऊन दाबायचं. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी निथळता कामा नये. चौथ्या-पाचव्या दिवशी ढिगात हात घाला (शेजाऱ्यालाही घालायला लावा), आत चटका बसण्याइतकं गरम असतं. नसेल तर हिरवा कमी पडलाय.

पानापानांतही फरक आहे. पेल्टोफोरमची बारीक पानं लवकर जिरतात, जांभूळ आणि आसोपालवाची चिवट, ती वेगळी ठेवून आच्छादनाला वापरा. निर्माल्यातला दोरा, प्लास्टिक आणि थर्माकोल निवडायला माणूस लागतो, त्याला पर्याय नाही. इंदूरच्या खजराणा गणपती मंदिरात फुलांचं खत होतं ते बघून या, अंदाज येईल.

आणि पाचोळा पेटवणाऱ्यांना सांगा, उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली आहे. साध्या प्रकरणात ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००.

हिरवीमिरची

शेजाऱ्याला हात घालायला लावायची आयडिया जबरी आहे :-)

बडोदेकर

बडोद्याहून लिहितोय, आमच्याकडची अडचण वेगळ्या जातीची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. आमची कमाटी बाग, म्हणजे १८७९ ची सयाजीबाग, नदीच्या अगदी काठावर. तिथेही पाणी आणि कॉलन्यांच्या बगीच्यांतही पाणी. उतरल्यावर लॉनवर चिकट गाळाचा थर राहिला. सगळे म्हणाले, गाळ सुपीक असतो, राहू द्या. पण थर जाड असेल तर खालची हरळी गुदमरते. वाळून पापुद्रे सुटायची वाट बघायची आणि ओला असतानाच खरवडायला जायचं नाही, नाहीतर पायानं दाबून आणखी घट्ट होतो. खोडांभोवतीचा मात्र लगेच काढायचा. हातमोजे घालून, कारण गटाराचं पाणीही त्यातच असतं. आणि हो, बडोद्यात असाल तर मगर नाही ना ते आधी बघायचं. विनोद नाही हा.

तुमच्याकडे कोनोकार्पस लावताहेत का? झटपट हिरवं दिसतं म्हणून आमच्याकडे दुभाजकांवर, सोसायट्यांच्या भिंतींना खूप लावलं. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरात सरकारनं ते लावायला बंदी घातली, जंगलातही आणि बाहेरही. परागकणांचा त्रास आणि मुळं पाईपलाइनमध्ये घुसतात म्हणून. तुम्ही आधीच सांभाळा.

मोगरा_इंदूर

नर्सरीवाला देतो म्हणत होता. गच्चीवाल्या काकूंनी परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, जे झाड शेळीही खात नाही ते घरात आणू नये. शास्त्र माहीत नाही, पण झाड आलं नाही एवढं खरं.

मंडळाचा_कार्यकर्ता

मी दुसऱ्या बाजूचा. आमच्या गणेशोत्सव मंडळाचा गणपती बगीच्यातच बसवतो आम्ही, वडिलांच्या वेळेपासून. भिया, सगळे आम्हालाच का बोलून राहिलेत? कॉलनीत दुसरी मोकळी जागा कुठे आहे? रस्त्यावर घातला मंडप तर ट्रॅफिकवाले बोलतात, बगीच्यात घातला तर बागवाले. अथर्वशीर्षाला, बायकांच्या कार्यक्रमांना, मुलांच्या नाटकांना शे-दोनशे माणसं जमतात. इंदुरात मराठी टिकली ती या मंडपांत, लॉनवर नाही टिकली.

माळ्याची_लेक

दादा, कार्यक्रमाला कुणाचाच विरोध नाही. पण मंडपवाला पहारी ठोकतो त्या झाडाच्या मुळांत, आणि जाताना खड्डे कोण बुजवतं? बाबा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी टोपलीभर खिळे वेचायचे. झाडांना ठोकलेले वेगळे.

मंडळाचा_कार्यकर्ता

खिळ्यांचं पटलं. ते लायटिंगवाले ठोकतात, त्यांना सांगू. दोरीनं बांधता येतं.

पहारींवर एक उपाय आमच्याकडे झालेला आहे, लिहितो. दोन वर्षांपूर्वी मंडप फरशीच्या भागावर हलवायला लागला, तिथे पहार जाईना. टेंटवाल्यानं रिकामे ड्रम आणून त्यांत वाळू भरली आणि खांब त्यांत उभे केले. वाऱ्या-पावसात हलला नाही. तेच लॉनवरही होईल. भाडं थोडं जास्त पडतं. बागमंडळानं वर्गणी दिली तर आनंदच आहे :-)

मोगरा_इंदूर

वर्गणी देऊ की! पण मॅटिंगचं काय? दहा दिवस झाकून राहिलं की खालची हरळी पिवळी पडते.

मंडळाचा_कार्यकर्ता

आरतीच्या वेळीच अंथरायची आणि झाली की गुंडाळायची. पोरं कुरकुर करतील, पण करतील. मूर्ती तेवढी फरशीवर बसवू, लॉन प्रेक्षकांना. यंदा शाडूची आहे, विसर्जन तिथेच टाकीत. ते पाणी झाडांना चालेल ना?

पाचोळा

रंग नैसर्गिक असतील तर चालेल, पण सगळं एकाच झाडाला ओतू नका. शाडू बारीक माती आहे, वर साय धरते आणि पाणी मुरेनासं होतं. गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी वाटून घाला. बसलेली माती पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेला वापरा.

नवीन_सभासद

मधेच विचारते. आमच्या बगीच्यात पावसानंतर गाजरगवत कमरेएवढं होतं. उपटायला गेले तर हातावर पुरळ उठलं. औषध मारू का?

पाचोळा

उघड्या हातानं अजिबात नको. मोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं. अंगावर उठलंय ते डॉक्टरांना दाखवा, काही जणांना त्याची ॲलर्जी कायमची चिकटते. मुलं खेळतात तिथे तणनाशक मारू नका असं मला वाटतं.

वेळ महत्त्वाची. फुलावर यायच्या आधी, पाऊस पडून माती मऊ असताना मुळासकट उपटायचं. एकेका झाडाला हजारोंनी बी येतं, त्यामुळे पांढरी फुलं दिसायला लागल्यावर उपटून इकडेतिकडे नेलं की आपणच पेरणी करतो. फुलाआधीचं असेल तर कंपोस्टमध्ये चालतं, नंतरचं नाही. मोकळी झालेली जागा रिकामी ठेवू नका, टाकळा किंवा झेंडू टाका, ते त्याला वर येऊ देत नाहीत.

दुसरा उपाय भुंग्याचा. मेक्सिकोतून १९८४ मध्ये आपल्याकडे आणलेला छोटा पट्टेरी भुंगा आहे, तो आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पानं फस्त करतात. पावसाळ्यात जोर, हिवाळ्यात मातीत जाऊन झोपतो. एका हंगामात चमत्कार होत नाही. आपल्याच राज्यात जबलपूरला तण संशोधन संचालनालय आहे, ते १६ ते २२ ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह करतात आणि भुंगेही देतात. पत्र लिहून बघा.

राजवाडा_ते_छावणी

पाण्यावर फार कुणी लिहिलं नाही, म्हणून. आपल्या घरात येणारं नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून घाट चढवून आणलेलं असतं. ते लॉनवर ओतणं म्हणजे पाप आहे. २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं "वॉटर प्लस" शहर झालं ते सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतो म्हणून. बऱ्याच बगीच्यांना ते पाणी मिळतं. तुमच्या जवळून लाइन जाते का, नसेल तर टँकर येतो का, ते झोन ऑफिसात रहवासी संघाच्या लेटरहेडवर विचारा. झाडांना आणि लॉनला उत्तम, फक्त मुलं पाईपखाली नाचणार नाहीत एवढं बघायचं.

आणि नव्या रोपांना मटका. बाहेरून रंग न दिलेला, बिनचकाकीचा मातीचा मटका रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचा, भरायचा, वर झाकणी आणि दगड (डासांसाठी). पाणी झिरपत राहतं आणि मुळं त्याच्याकडे वळतात. तीन-चार दिवसांनी भरलं तरी पुरतं. म्हणजे मोगराताईंच्या वहीतल्या माणसाला रोज यायला नको.

चतुरंग

मटक्याबद्दल अनुभवाची भर: घरातले जुने माठ टाकतात लोक, ते बऱ्याचदा झिरपत नाहीत. क्षार बसून भोकं बुजलेली असतात. पुरण्याआधी भरून रात्रभर ठेवा, सकाळी बाहेरून ओलसर लागला तर चांगला. नाहीतर काथ्यानं घासून बघा.

करदाता

सगळं वाचलं. मटका, ड्रम, भुंगा छानच. माझ्या वस्तीच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, म्हणून काल स्वतःच जाऊन आलो. आमच्यापासून दोन चौक पुढे वस्तीला लागून बगीचा आहे. लॉन नाहीच, धूळ. मुलं क्रिकेट खेळतात, बायका संध्याकाळी कडेला बसतात. तिथल्या एका ताईंना विचारलं, इथे काय लावायला हवं? त्या म्हणाल्या, दिवा. अंधार पडला की आम्हाला उठून जावं लागतं, मग दुसरेच लोक येऊन बसतात. झाडं मोडतात तीही त्याच वेळी.

माळ्याची_लेक

बरोबर बोलल्या त्या. अंधारातल्या बगीच्यात रोप टिकत नाही. आणि धूळ म्हणून लॉनच्या मागे लागू नका, मुलं क्रिकेट कुठे खेळणार? कडेनं सावलीची झाडं चालतील, कडुनिंब, करंज, चेंडू लागला तरी काही होत नाही त्यांना. बायका बसतात त्या बाजूला आधी. पाणी कोण घालणार ते त्याच ताईंना विचारा, आपापसात ठरवू नका.

मोगरा_इंदूर

करदाता, खांब आहे आणि दिवा बंद आहे, की खांबच नाही? खांब असेल तर त्याच्यावरचा नंबर टिपून ३११ वर टाका, फोटो रात्रीचा काढा. नसेल तर अर्ज लागेल, त्यावर वस्तीतल्या लोकांच्या सह्या हव्यात, आपल्या नकोत. मी आणि काकू बुधवारी संध्याकाळी येऊ शकतो. कुठल्या चौकात भेटायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

करदाता

खांब आहेत दोन. एकावर नंबर आहे, दुसऱ्यावरचा रंगात गेलाय. व्यनि केला.